पाच वाढपी

साहेबराव मामा माणसाच्या तोंडाकडं बघून बोलत नाहीत. ते त्याच्या पायांपुढच्या वीतभर जागेकडं बघतात. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ते मला असेच भेटले. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, विषय इंग्रजी म्हणून सांगितलं, आणि हे गृहस्थ सगळी चौकशी माझ्या बुटांकडं करत होते. मला वाटलं, लेस सुटली असेल. वाकून बघितलं तर लेस जागेवर. पुढं आठवडाभर मी रोज बुटांना पॉलिश करून शाळेत गेलो. मग गावातल्या एका लग्नात उलगडा झाला. मी पंगतीत मांडी घालून बसलो होतो, मामा वरणाची बादली घेऊन माझ्यासमोर आले, आणि ते रोज जिथं बघायचे बरोबर त्याच जागेवर आज माझी पत्रावळ होती.

"आता बराबर दिसून राहिले सर तुमी," ते पत्रावळीला म्हणाले.

आमचं गाव हट्टा गावाच्या पलीकडं, वसमतच्या रस्त्याला लागून. कागदोपत्री साहेबराव मामा आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर आहेत. शाळेतल्या परिचराला पोरं मामा म्हणतात, म्हणून गावही त्यांना मामाच म्हणतं, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या म्हाताऱ्यासुद्धा. प्रयोगशाळेत काम असं फारसं नाही. डावा हात हरवलेला एक सांगाडा आहे आणि दोन डझन चंचुपात्रं आहेत. ती मामांनी कपाटात समोरासमोर दोन रांगांत मांडली आहेत आणि मधून वाढप्याला जायला वाट सोडली आहे. वाढपी उंदराएवढा असला तर सहज जाईल.

पण गावाच्या लेखी मामा म्हणजे पंगतीचे कारभारी. लग्न असो, जावळ असो, वास्तुशांत असो की तेरावं, स्वयंपाक आचाऱ्याचा आणि पंगत मामांची. कमरेला उपरणं बांधून ते एकदा मांडवात उतरले की पाचशे माणूस जेवून उठेपर्यंत त्यांची पाठ सरळ व्हायची नाही. त्यांचे कायदे कडक. "वाढायचं म्हंजे पळायचं न्हाई. चालायचं बी न्हाई. सरकायचं!" दोन वाढपी एकाच पानापुढं आले की मामांचा आवाज मांडवाबाहेर जायचा, "एका पानावर दोघं काहून? तिकडं पानं रिकामी पडून राहिली!" वाढणाऱ्यानं शेवटची पंगत उठेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही, हा दुसरा कायदा. आणि पानात पडलं ते खायचं, टाकायचं नाही, हा तिसरा. कुणी टाकलंच तर मामा ओरडत नसत. नुसते त्या पानासमोर बादली घेऊन उभे राहत. मी एकदा त्यांच्या उभं राहण्यामुळं सात भजी खाल्ली आहेत.

हे सगळं मी पहिल्या पंगतीत बसून बघितलेलं आहे. पहिल्या पंगतीत जागा धरणं ही माझ्या अंगची एक कला आहे. इंग्रजी मला तेवढी जमत नाही. मामांना जेवताना मात्र मी अकरा वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. सगळं आवरलं की ते डब्यात चार घास भरून घेत, "घरी निवांत जेवतो," म्हणत आणि सायकल काढत. घरी निवांतपणा भरपूर होता. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा पुण्याला कंपनीत होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही होतं. पण भरल्या पोटी मी त्यावर कधी विचार केला नव्हता.

मग बफे आला. वसमतला मोठाली मंगल कार्यालयं झाली आणि आमच्या गावची लग्नं तिकडं जायला लागली. मामांना अशाच एका लग्नाचं बोलावणं आलं, पाहुणे म्हणून. ते गेले आणि न जेवता परत आले. दुसऱ्या दिवशी शाळेत मी विचारलं तर म्हणाले, "काय सांगू सर, जेवणारा ताट घेऊन पळून राहिला अन् वाढणारा एका जागी उभा! उलटंच काम. म्या पान बघावं म्हणलं तर खाली नुसते बूटच बूट." गेल्या लग्नसराईत त्यांना गावातून दोनच बोलावणी आली, आणि ती दोन्ही तेराव्याची होती. मामा प्रयोगशाळेतली चंचुपात्रं पुसून पुन्हा मांडत बसायचे.

अशा रिकाम्या दिवसांत त्यांच्या अंगावर बास्केटबॉल येऊन पडला.

झालं असं की, आमच्या शाळेला कोणे एके काळी कुठल्याशा योजनेत बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान मिळालं होतं. पंचक्रोशीत एवढी सपाट आणि स्वच्छ जागा दुसरी नाही. त्यामुळं हळद निघाली की शिजवलेली हळकुंडं तिथंच वाळायला पडतात. दोन-अडीच महिने मैदानाच्या या रिंगेपासून त्या रिंगेपर्यंत पिवळंधमक. बाकीचं वर्ष मुली खेळतात, पण सिमेंटला लागलेला रंग जात नाही. आमचा बॉल पिवळा, पोरींचे तळपाय पिवळे, तळहात पिवळे. बाहेरगावच्या संघांना वाटतं, यांची सगळ्यांची लग्नं एकदमच ठरली आहेत.

या मुलींना कदम सर शिकवायचे. बास्केटबॉलमध्ये मुख्य भानगड अशी आहे की बॉल घेऊन समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात पोचणं अवघड नसतं. तिथं पोचल्यावर करायचं काय, हे अवघड असतं. समोरच्या पाच जणी रिंगेपुढं हात पसरून उभ्याच असतात. कदम सरांकडं या प्रश्नाचं दोन शब्दांचं उत्तर होतं, "शीतलला दे!" शीतल ही दहावीतली पोरगी, आमच्या शाळेत सगळ्यांत उंच, खुर्चीवर न चढता फळ्याचा वरचा कोपरा पुसणारी. बॉल शीतलकडं जायचा. बाकीच्या चौघी गाडी सुटेपर्यंत थांबलेल्या पाहुण्यांसारख्या उभ्या राहायच्या. मग समोरच्या तिघी शीतलला घेरायच्या, शीतल पडायची आणि कदम सर पंचांवर चिडायचे. तीन वर्षांत आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो.

यंदा कदम सर दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि त्यांची जागा रिकामी राहिली. त्यातच संस्थेचे अध्यक्ष एक दिवस टेप घेऊन आले. त्यांची स्वतःची चार एकर हळद असते. त्यांनी मैदान लांबीनं मोजलं, रुंदीनं मोजलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "हेडमास्तर, यंदा पोरींनी एक तरी मॅच जिंकून दावावी. न्हाई तर रिंगा काढू अन् वर पत्रे टाकू. हळदीला बारमाही शेड होईल. उगं जागा कशाला अडवायची?"

हे मुलींच्या समोरच झालं. बाकीच्या मुली एकमेकींकडं बघत राहिल्या. गंगासागर नावाची एक नववीतली पोरगी मात्र उठली, रिंगेखाली गेली आणि वर बघत उभी राहिली. ही संघातली सगळ्यांत बुटकी. घरी शेळ्या-मेंढ्या आहेत, सकाळी त्यांचं सगळं आवरून ती सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची आणि खराट्यानं मैदान झाडून काढायची. तिनं आजवर एकाही मॅचमध्ये रिंगेकडं बॉल टाकलेला नव्हता. तरीही त्या रिंगा जाणार म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले, हे मी बघितलं.

नवा कोच आणायचा कुठून? मुख्याध्यापकांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी साहेबराव मामांना बोलावलं. मी विचारलं, "सर, मामांना बास्केटबॉल येतो?" मुख्याध्यापक म्हणाले, "पाचशे माणूस आवरणाऱ्याला पाच पोरी आवरणार नाहीत का?" आणि मला म्हणाले, "नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे. ते तुम्ही बघा." अशा रीतीनं मी संघाचा मॅनेजर झालो.

मुलींनी मामांना आता 'सर' म्हणायचं, असा हुकूम निघाला. पहिल्या दिवशी मुलींनी "सर" म्हणून हाक मारली की मामा मागं वळून मला शोधायचे. तासाभरात हुकूम मोडीत निघाला.

मामांनी मुलींना खेळायला सांगितलं. बॉल शीतलकडं गेला, चौघी उभ्या राहिल्या. मामांनी दहा मिनिटं बघितलं. म्हणजे मुलींच्या पायांपुढं बघितलं. मग मला म्हणाले, "सर, हे काय करून राहिल्या? सगळ्या मिळून एकाच पानावर वाढून राहिल्या. बाकीची पंगत उपाशी!"

कदम सरांनी तीन वर्षं शिट्टी फुंकून जे सांगितलं नव्हतं ते या माणसानं एका वाक्यात सांगितलं. मला तेव्हा ते कळलं नाही. मी नुसतं "हो ना" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मामांनी बॉल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि घरून आपल्या पाच स्टीलच्या बादल्या आणल्या. मैदानाच्या एका अर्ध्यात त्यांनी रिंगेभोवती पत्रावळी मांडल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवले, आणि पाच मुलींच्या हातांत पाण्यानं अर्ध्या भरलेल्या बादल्या दिल्या. उरलेल्या पाच जणी मधे आडव्या यायला. "पंगतीत लेकरं आडवी येतेतच माय. त्यायला चुकवून जायाचं, पर धक्का लावायचा न्हाई. लेकरू पडलं का त्याची माय भांडाया येते." मी पुस्तकात बघितलं. धक्क्याचा नियम तोच होता, फक्त माय नव्हती.

पंधरा दिवस पोरी बादल्या घेऊन सरकत होत्या. अध्यक्ष मोटारसायकलवरून जाताना थांबले, बघितलं आणि निघून गेले. मी संध्याकाळी मामांना एकेक नियम मराठीत करून सांगायचो आणि मामा त्याला मान डोलवायचे. रिंगेखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, म्हटलं तर म्हणाले, "बराबर हाय. आचाऱ्याच्या चुलीपाशी वाढप्याचं काय काम? घ्यायचं अन् निघायचं." एकाच नियमाशी त्यांचं जमलं नाही. बॉल हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत तो रिंगेकडं टाकलाच पाहिजे, नाही तर पंच तो समोरच्यांना देतात, असं मी वाचून दाखवलं.

"चोवीस सेकंदांत पंगत?" मामा भडकले. "हा नियम बफेवाल्यानं केला असंल. तुमी पुढचा वाचा."

मी पुढचा वाचला. माझी चूक इथं झाली.

मग बॉल कपाटातून बाहेर आला, आणि खरं सांगतो, बघत राहावं असं झालं. पाचही जणी एकदम हलायला लागल्या. एकीकडं बॉल आला की दुसरी तिच्या बाजूनं सरकत पुढं जायची, तिसरी तिनं सोडलेल्या जागेत यायची. बॉल कुणाच्याच हातात एक श्वासभरापेक्षा जास्त राहायचा नाही. कडेला मामा कमरेला उपरणं बांधून अर्धे वाकलेले, "डावीकडं पान रिकामं! बघ, मागं बघ! सरक, सरक! शीतल, तिथंच काहून उभी? फिरती राह्य!" गावातले रिकामे लोक बघायला यायला लागले. मामांच्या चेहऱ्यावर एवढं तेज मी चार-पाच वर्षांत बघितलं नव्हतं.

तालुक्याच्या स्पर्धेत तीनच संघ होते. त्यामुळं वसमतला एकाच दिवशी प्रत्येकाला दोन मॅच. सकाळची पहिली आमची.

आमच्या पोरींनी बॉल फिरवायला सुरुवात केली आणि बघणारे टाळ्या वाजवायला लागले. समोरच्या मुलींना तो सापडेना. त्या इकडं पळाल्या की बॉल तिकडं. शेवटी शीतल रिंगेखाली एकटी, तिच्या हातात बॉल, आडवं कुणी नाही. मी उभा राहिलो. शीतलनं रिंगेकडं बघितलं, मग गंगासागरकडं बघितलं आणि बॉल तिला दिला.

"घे तू," शीतल म्हणाली.

"नको गं, तूच घे," गंगासागर म्हणाली आणि परत दिला.

"घे की, तुला काहीच न्हाई आलं आतापस्तोर."

"वैशालीला दे, वैशालीला!" गंगासागरनं पलीकडच्या तिसरीकडं बोट दाखवलं.

पंचांनी शिट्टी वाजवली. चोवीस सेकंद झाले होते. बॉल समोरच्यांना. पुढच्या वेळीही तेच आणि त्याच्या पुढच्या वेळीही तेच. एवढी सुंदर पंगत वसमतच्या मैदानानं कधी बघितली नसेल, आणि कुणीच जेवत नव्हतं. आम्ही एकतीस विरुद्ध चार असे हरलो. त्या चारांतले दोन तर शीतलनं वैशालीला उंचावरून दिलेला पास चुकून रिंगेत पडल्यामुळं मिळाले. त्याबद्दल शीतलनं वैशालीची माफीसुद्धा मागितली.

मामांना काहीच कळेना. "सर, एक पान रिकामं राह्यलं न्हाई. मंग आपण हरलो काहून?" मी पुस्तक उघडून चोवीस सेकंदांचं पान पुन्हा दाखवलं. बफेवाल्याचं नाव त्यांनी या वेळी घेतलं नाही.

दुपारी लिंबाखाली मुलींनी डबे सोडले. भाकरी, पिठलं, ठेचा, एकीच्या घरचं वांगं. गंगासागर उठली आणि सगळ्यांचे डबे एकत्र करून एकेकीला वाढत सुटली. मामा बाजूला बसून बघत होते, अर्थात मुलींच्या पुढ्यातल्या झाकणांकडं. सगळ्यांचं होत आलं तेव्हा गंगासागर बसली. तिच्या झाकणात अर्धी भाकरी आणि ठेच्याचं बोट उरलं होतं.

"माय, तुझं पान रिकामं काहून?" मामांनी विचारलं.

"तुमीच सांगितलं ना मामा, वाढणाऱ्यानं पंगत उठंपर्यंत खायचं न्हाई." ती सहज म्हणाली. "अन् घरी बी मी शेवटीच जेवते. मला सवय हाय."

मामा त्या झाकणातल्या अर्ध्या भाकरीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "सर, चुकलं माझं. पाच वाढपी केले म्या. जेवणारं एक बी केलं न्हाई."

त्यांनी पिशवीतून आपला डबा काढला, तो न उघडलेलाच गंगासागरपुढं ठेवला आणि पाचही जणींना जवळ बोलावलं. "आता ध्यान देऊन ऐका. रिकामं पान म्हंजे कोण? जिच्याजवळ समोरची पोरगी न्हाई ती. तिला वाढायचं, हे तुमी शिकल्या. पर पानात पडलं का ते खायचं, टाकायचं न्हाई. तिथं 'तू घे, तू घे' न्हाई चालत. पाहुण्यानं नको म्हणलं का वाढणाऱ्याचा अपमान व्हते. समजलं? जिच्या पानात पडंल तिनं जेवायचं. लाजायचं न्हाई."

"अन् शेवटी जेवायची सवय असली तर?" गंगासागरनं विचारलं. तिला खरोखरच विचारायचं होतं.

"मोडायची," मामा म्हणाले. "सगळी तकलीफ तीच हाय."

दुपारची मॅच सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापकांशेजारी अध्यक्षही येऊन बसले होते. मोंढ्याच्या बाजारात काम होतं, म्हणून आलो, असं ते म्हणाले. टेप सोबत नव्हता, पण मला तो त्यांच्या खिशात दिसत होता.

पहिली काही मिनिटं पोरी अडखळल्या. वैशालीनं बॉल घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि टाकला. गेला नाही. "काही न्हाई, सांडलं तर सांडलं! पुढचं वाढा!" मामा ओरडले. मग शीतलचा गेला. मग वैशालीचा गेला. बॉल तसाच फिरत होता, पोरी तशाच सरकत होत्या, फक्त आता प्रत्येक फेरीच्या शेवटी कुणीतरी जेवत होतं. समोरच्यांना कळेना की अडवायचं कुणाला. शीतलला घेरलं की वैशाली मोकळी, वैशालीकडं धावलं की दुसरी मोकळी. मी घड्याळ बघून सेकंद मोजत होतो. वीसच्या पुढं मोजायची वेळ आली की मी आमच्यात ठरल्याप्रमाणं ओरडायचो, "मामा, आचारी उठला!" आणि मामा ओरडायचे, "आटपा!" आमच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "तुमचा कॅटरिंगचा धंदा आहे का?"

तरी समोरचा संघ तगडा होता. शेवटच्या मिनिटात ते एकोणीस, आम्ही अठरा. बॉल आमच्याकडं. शीतलकडं गेला आणि तिघींनी तिला घेरलं. कदम सर असते तर इथं शीतल पडली असती. शीतलनं मान वळवली. डावीकडं गंगासागर एकटी उभी होती, आसपास चार हात कुणी नाही, कारण ती रिंगेकडं बॉल टाकत नाही, हे एव्हाना त्या संघालाही कळलं होतं. शीतलनं तिच्या पुढ्यात बॉल दिला.

गंगासागरनं तो धरला, आणि सवयीनं तिची मान वैशालीकडं वळली. मी डोळे मिटायच्या बेतात होतो.

"गंगासागर!" मामांचा तो मांडवाबाहेर जाणारा आवाज आला. "पानात पडलंय माय! जेव!"

जेवण कुठं आलं, म्हणून लोक मागं वळून बघायला लागले. समोरच्या संघातल्या दोन पोरीही वळल्या. गंगासागरनं रिंगेकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी, खालून, घमेलं फेकल्यागत बॉल वर टाकला. तो मागच्या फळीवर आपटला, रिंगेवर चढला, एक फेरा मारला, दुसरा मारला आणि आत पडला.

वीस-एकोणीस, आणि लगेच शेवटची शिट्टी. पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, मुख्याध्यापक माझ्या गळ्यात पडले, अध्यक्ष उठून उभे राहिले आणि "बरं" म्हणाले. एवढ्यावर मैदान वाचलं. मामा तेवढे कडेलाच वाकून उभे होते. उपरण्यानं डोळे पुसत होते आणि कुणी बघितलं तर घाम म्हणून कपाळही पुसत होते.

पुढच्या रविवारी पोरींनी त्याच मैदानावर जेवण ठरवलं. आयांनी चुली मांडल्या. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी आणि बुंदी. शाळेची सगळी माणसं आली. मी वेळेआधी पोचलो, पहिल्या पंगतीची जागा हेरून ठेवली. मामा सायकलवरून आले, उपरणं कमरेला बांधतच आले आणि थेट बादल्यांकडं निघाले. गंगासागर आडवी आली आणि तिनं बादली धरली.

"मामा, तुमी बसा."

"येडी हाय का? वरण कोण वाढंल?"

"आमी वाढतो. तुमी पयल्या पंगतीला बसा."

मामा बसेनात. पाची जणींनी त्यांना हाताला धरून बसवलं, मैदानाच्या बरोबर मधल्या गोलात. त्यांच्यापुढं पत्रावळ आली. मामा तिच्याकडं बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी पानाकडं बघितलं होतं, पण पान असं आपल्या बाजूनं कसं दिसतं, ते त्यांना माहीत नव्हतं. बसल्या बसल्या त्यांनी तीनदा उठायचा प्रयत्न केला. "पोळीवाली मागं राहून राहिली. अगं, कोपऱ्यातलं पान!" शेवटी गंगासागर त्यांच्यासमोर बादली घेऊन नुसती उभी राहिली. मामा खाली बसले.

मग पाचही जणी त्यांनाच वाढायला लागल्या. पुरे म्हणताना पानावर हात आडवा धरतात, हे पंगतीत बसणाऱ्या माणसाला लहानपणापासून येतं. मामांना ते येत नव्हतं. कुणी वाढलं की ते नुसते पानाकडं बघायचे आणि पानात आणखी पडायचं. बुंदीचा ढीग भातावर आला, भात वरणात बुडाला. मामा खाली मान घालून जेवत होते आणि मधेच थांबत होते.

"तुमची मामी व्हती तवा," ते माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "ती अशी उभी राह्यची. आणखी घ्या म्हणायची. सहा वर्सं झाली सर, कुणी आणखी घ्या म्हणलं न्हवतं."

अकरा वर्षं मी या माणसाच्या हातचं पोटभर जेवलो होतो आणि एकदाही त्यांना "तुम्ही जेवलात का" असं विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

मामांनी मान वर केली. समोर गंगासागर उभी होती. मी पहिल्यांदाच बघितलं, ते तिच्या पायांपुढं नाही, तिच्या तोंडाकडं बघत होते.

"माय, तू जेवली का?"

"शेवटच्या पंगतीला बसते की मामा."

"हीच शेवटची," मामा म्हणाले आणि सरकून त्यांनी शेजारी जागा केली. "बस. तुमी समद्या बसा."

पाची जणी बसल्या. आता वाढायला कुणी उरलं नाही. बादल्या मैदानात तशाच उभ्या. मी माझ्या पानाकडं बघितलं. पहिल्या पंगतीतली अगदी मोक्याची जागा होती, बुंदीच्या पातेल्याजवळची. उठलो, मुख्याध्यापकांचं उपरणं मागून घेतलं, कमरेला बांधलं आणि वरणाची बादली उचलली.

"सर, पळायचं न्हाई," मामा पानावरून म्हणाले. "सरकायचं."

सरकत सरकत मी मामांच्या पानापुढं आलो आणि वाकलो. तेव्हा मला कळलं की वाढायला वाकलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसतच नाही, नुसतं पान दिसतं. मी गुडघ्यावर बसलो, इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला न शोभणाऱ्या आवाजात घसा खाकरला आणि त्यांच्या तोंडाकडं बघून विचारलं, "साहेबराव मामा, आणखी थोडं घ्या?"

त्यांचं पान काठोकाठ भरलेलं होतं. मामांनी दोन्ही हातांनी भातात वरणासाठी आळं केलं आणि म्हणाले, "वाढा सर."